थांबता आलं की गाडी आली

माझी भाची एप्रिलमध्ये मोटरसायकल शिकायला लागली. पहिल्या चार दिवसांत तिला क्लच सोडून गाडी उचलता आली, दुसरा-तिसरा गिअर टाकता आला, वळताही यायला लागलं. पाचव्या दिवशी आम्ही नागपुरातल्या बेशाच्या, प्लॉट पाडून ठेवलेल्या लेआउटमधून बाहेर पडून मनीषनगरच्या रस्त्याला लागलो. ती तिच्या १२५ सीसीवर पुढे, मी माझ्या स्कूटरवर मागे. पहिल्याच चौकात तिचा सगळा धीर सुटला. चौक अजून चाळीस-पन्नास फूट लांब होता, तेव्हाच तिने दोन्ही पाय खाली सोडले आणि बूट रस्त्यावर घासत नेले. क्लच मुठीत आवळून धरलेला, त्यामुळे गाडी मोकळी घरंगळत होती. शेवटच्या दोन-तीन फुटांत तिने पुढचा ब्रेक एकदम आवळला. गाडी गचका खाऊन डावीकडे कलली, पडता पडता राहिली. मागचा ऑटोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. "मामा, ही थांबूनच नाही राहिली बरोबर," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले होते.

आपल्याकडे गाडी शिकवणारा प्रत्येक जण गाडी उचलायला शिकवतो. लायसन्सच्या परीक्षेत आठ काढायला लावतात म्हणून लोक आठ घोटतात. थांबायचं मात्र आपोआप येईल असं धरून चालतात. शहरात दहा किलोमीटर जायचं तरी कितीतरी वेळा थांबावं लागतं, आणि नव्या माणसाची खरी भीती तिथेच असते. हव्या त्या जागी गाडी थांबेल ही खात्री नसली की हात आखडतात, खांदे ताठ होतात, वळणं बिघडतात, रेस देताना मन कचरतं. ती खात्री आली की बाकीच्या निम्म्या अडचणी मागे पडतात. त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही दोघांनी फक्त थांबण्याचा सराव केला. तो ज्या क्रमाने केला त्याच क्रमाने इथे लिहितो.

आधी पुढच्या ब्रेकची भीती

मी एकोणीस वर्षांचा असताना मोठ्या भावाकडून गाडी शिकलो. त्याचा पहिला धडा होता, "पुढचा ब्रेक दाबू नको बे, उलटशील." मी वर्षभर तो ब्रेक वापरलाच नाही. मग एका संध्याकाळी चौकात एक सायकलवाला आडवा आला. मी मागच्या ब्रेकवर उभाच राहिलो, चाक जाम झालं, रस्त्यावरच्या चुरीवर गाडी घसरली आणि गुडघ्याला चार टाके पडले. भावाने काळजीपोटीच सांगितलं होतं, पण सल्ला चुकीचा होता. आजही हाच सल्ला घरोघरी दिला जातो, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

ब्रेक लावला की गाडीचं आणि तुमचं वजन पुढे झुकतं. पुढचे शॉकअप (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या नळ्या) दबतात आणि पुढचं टायर रस्त्यावर जास्त जोराने दाबलं जातं. जेवढा दाब जास्त तेवढी त्याची पकड जास्त. त्याच वेळी मागच्या चाकावरचं वजन हलकं होतं, म्हणून मागचा ब्रेक जरा जास्त दाबला की ते चाक लगेच जाम होऊन घसरायला लागतं. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचा ब्रेक करतो. मागचा ब्रेक गाडीला स्थिर ठेवतो आणि हळू वेगात उपयोगी पडतो.

मग लोक पुढच्या ब्रेकमुळे का पडतात? कारण वजन पुढे यायला क्षणभर वेळ लागतो. तो वेळ न देता लिव्हर झटक्याने आवळला, तर पकड तयार होण्याआधीच चाक जाम होतं. दोष झटक्याचा असतो, ब्रेकचा नसतो. दुसरं कारण म्हणजे हँडल वळलेलं असताना तो दाबणं. ते पुढे येईलच.

माझी आजी काटोलकडच्या आमच्या गावात गाईची धार काढायची. झटका दिला की गाय लाथ मारते. आधी बोटं नुसती टेकवायची, मग हळूहळू दाब वाढवायचा, मग हळूहळू सोडायचा. भाचीला पुढचा ब्रेक मी याच शब्दांत शिकवला: टेकव, वाढव, सोड. तिने गाईची धार आयुष्यात काढलेली नाही, पण हे तीन शब्द तिला पाठ झाले.

गाडी बघून घ्या

ब्रेकचा लिव्हर बोटांना सहज पोचतो का ते पाहा. लहान हातांच्या माणसाला तो लांब पडतो आणि मग बोटांच्या टोकांनी ओरबाडल्यासारखा दाबला जातो. काही गाड्यांवर तो जवळ घेता येतो, मिस्त्रीला विचारा. पुढे डिस्क असेल तर ब्रेक ऑइलच्या डबीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी हवी. लिव्हर दाबताना स्पंजासारखा मऊ लागत असेल तर लाइनमध्ये हवा गेलेली असते, ती काढून घेतल्याशिवाय सराव करू नका. मागे ड्रम ब्रेक असेल तर पेडल किती खाली गेल्यावर धरतं ते पाहून ठेवा. टायरची हवा सकाळी, गाडी न चालवता तपासा. नागपूरच्या उन्हात पाच किलोमीटर फिरवून मग मोजली तर आकडा जास्त दिसतो.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. वॉशिंग सेंटरला गाडी दिली की टायर चमकावे म्हणून काही जण पॉलिश मारतात. ते टायरच्या बाजूला मारलं तर ठीक, पण रस्त्याला टेकणाऱ्या भागावर उडालं तर गाडी घसरते, आणि डिस्कवर उडालं तर ब्रेक नीट धरत नाही. तिथे उभं राहून "पॉलिश नको" असं सांगा. नवं टायर टाकलं असेल तर त्याचाही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर पूर्ण भरवसा धरू नका, त्याचा गुळगुळीतपणा जायला तेवढं चालवावं लागतं.

हेल्मेट आयएसआय मार्कचं, पट्टा लावलेलं. पायात बूट. चपलेत मागच्या ब्रेकच्या पेडलचा अंदाज येत नाही आणि पाय टेकवताना ती निसटते. लर्निंग लायसन्स खिशात, पांढऱ्यावर लाल एल पुढे-मागे.

जागा आणि वेळ

नागपूरचं एक भाग्य म्हणजे इथले लेआउट. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, हिंगणा रोडच्या आतल्या बाजूला प्लॉट पाडून रस्ते केलेले, पण घरं अजून विरळ, अशा जागा आहेत. सकाळी सहाला तिथे माणूस नसतो. एप्रिल-मेमध्ये आठच्या पुढे थांबू नका. पारा पंचेचाळिशीकडे निघाला की डोकं चालत नाही, तळव्याला घाम येतो आणि मूठ सरकते.

साधारण शंभर मीटर सरळ, सपाट रस्ता निवडा आणि आधी पायी फिरून या. चुरी, वाळू, मुरूम कुठे सांडलाय ते बघा. बांधकामाच्या समोर तो असतोच. पायाने बाजूला सारता आला तर सारा, नाहीतर दुसरा रस्ता घ्या.

पहिला धडा: इंजिन बंद

चावी बंद, गिअर न्यूट्रल. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून हँडल धरा आणि चालायच्या वेगाने ढकला. चार-पाच पावलांनी पुढचा ब्रेक टेकवा, वाढवा. शॉकअप खाली जाताना आणि गाडी थांबल्यावर पुन्हा वर येताना बघा. दहा वेळा करा.

आता हँडल थोडं डावीकडे वळवून तेच करा, अगदी सावकाश, आणि गाडी घट्ट धरून. थांबताक्षणी तिचं सगळं वजन त्या बाजूला कोसळू पाहतं. हा अनुभव हातांना एकदा आला की पुढचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही: अगदी शेवटी, थांबायच्या क्षणी, हँडल सरळ पाहिजे. चौकात उभ्या गाड्या कलंडतात त्यातल्या कितीतरी याच कारणाने कलंडतात. डावीकडे वळता वळता समोर कुणीतरी येतं, माणूस वळलेल्या हँडलवरच पुढचा ब्रेक आवळतो आणि गाडी आडवी. अशा वेळी हळू वेगात असाल तर हँडल सरळ करा, किंवा एकट्या मागच्या ब्रेकवर थांबा.

भाचीला हा धडा कंटाळवाणा वाटला होता. मी तिला अर्धा तास तोच करायला लावला आणि आजही तसंच करीन.

दुसरा धडा: पहिला गिअर, चालण्याचा वेग

गाडी सुरू करा, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडा, रेस नको. गाडी आपल्या चालीने पुढे जाईल. दहा मीटरवर क्लच दाबा, मागचा ब्रेक हळू दाबा, गाडी थांबल्यावर डावा पाय टेका. उजवा पाय पेडलवरून हलवायचा नाही.

भाचीचा सगळा गोंधळ याच पायात होता. दोन्ही पाय खाली सोडले की मागचा ब्रेक हातचा जातो. गाडी सावरायला हवा असलेला सौम्य ब्रेक तोच असतो. मग हातात उरतो पुढचा, आणि घाबरलेला हात तो आवळतो. गाडी चालू असताना पाय खाली सोडल्याने सुरक्षित वाटतं, पण चालती गाडी पायांनी तोलली जात नाही. वेग असेपर्यंत ती स्वतःच उभी राहते, आणि वेग संपला की एक पाय पुरतो. उंची कमी असेल तर सीटवर किंचित डावीकडे सरकून बसा, म्हणजे तळवा नीट टेकतो.

रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डाव्या कडेने चालतो, त्यामुळे डावा पाय जिथे टेकतो तिथे जमीन अपेक्षेपेक्षा इंच-दोन इंच खाली असते. आपल्या सिमेंटच्या रस्त्यांवर तर कड संपून पेव्हर ब्लॉक लागतात तिथे बऱ्याच ठिकाणी पायरीच असते. त्या पायरीवर पाय पडला तर तोल गेलाच. थांबायची जागा निवडताना कडेपासून हातभर आत राहा.

हे वीस-पंचवीस वेळा झालं की दोन्ही ब्रेक एकत्र लावा. मागचा आधी नुसता टेकलेला, लगेच पुढचा. नजर चाकावर नको, थांबायच्या रेषेवरही नको. रेषा कुठे आहे ते एकदा पाहिलं की डोळे वर, समोरच्या झाडाकडे किंवा खांबाकडे. खाली पाहिलं की डोकं झुकतं, कोपर ताठ होतात आणि गाडी डगमगते.

तिसरा धडा: क्लच केव्हा

नव्या माणसांच्या दहा चुकांपैकी पाच इथे होतात. चौक दिसला की ते आधी क्लच दाबतात. क्लच दाबला की इंजिन चाकापासून सुटतं, त्याची ओढ संपते आणि गाडी मोकळी धावायला लागते. माणसाला वाटतं गाडी आपलं ऐकत नाही, आणि तो घाबरतो.

क्रम असा ठेवा. आधी रेस सोडा. रेस सोडल्यावर इंजिनच गाडी मागे खेचतं, हा फुकटचा ब्रेक आहे. मग दोन्ही ब्रेक. वेग कमी होईल तसे एकेक गिअर उतरवा, प्रत्येक वेळी तेवढ्यापुरता क्लच दाबून पुन्हा सोडा. दुसऱ्या गिअरवर गाडी अगदी हळू झाली, इंजिन थरथरायला लागलं, की क्लच पूर्ण दाबा, पहिला टाका आणि थांबा. गिअर खाली कुठे आणि वर कुठे हे गाडीगाडीत वेगळं असतं, आपल्या गाडीचं पाठ करून घ्या.

थांबल्यावर लगेच न्यूट्रल करू नका. आरशात बघा. मागची गाडी थांबली हे दिसेपर्यंत पहिला गिअर आणि दाबलेला क्लच असू द्या, म्हणजे मागून कुणी येत असेल तर बाजूला निघता येतं. मग न्यूट्रल.

चौथा धडा: गचका का बसतो

इथपर्यंत आलात की गाडी थांबते, पण थांबताना डोकं पुढे-मागे हलतं. ब्रेक लागलेला असताना शॉकअप दबलेले असतात. गाडी थांबते त्या क्षणी ओढ एकदम शून्य होते आणि दबलेली स्प्रिंग उसळते. जेवढ्या जोरात ब्रेक धरून थांबाल तेवढी उसळी मोठी.

उपाय असा: शेवटच्या एका मीटरमध्ये, गाडी चालण्याच्या वेगाला आली की, पुढच्या ब्रेकचा दाब हळूहळू कमी करा. पूर्ण सोडू नका, जवळजवळ सोडा. शॉकअप सावकाश वर येतात आणि शेवटचं वीतभर अंतर मागच्या ब्रेकवर संपतं. हेच ते "सोड". सुरुवातीला गाडी रेषेच्या फूटभर पुढे जाईल. ती जाऊ द्या, आणि पुढच्या वेळी ब्रेक फूटभर आधी सुरू करा. दाब मध्ये सगळ्यात जास्त आणि शेवटी सगळ्यात कमी असा हवा. नव्या माणसाचा नेमका उलटा असतो: सुरुवातीला भीत भीत थोडासा, शेवटी घाबरून भरपूर.

भाचीला हे जमायला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी सकाळी एकदा गाडी अशी थांबली की थांबली कधी ते तिलाच कळलं नाही. ती वळून माझ्याकडे बघत राहिली. मलाही काही बोलता आलं नाही.

पाचवा धडा: विटा आणि पावलं

आता अंतराचा अंदाज. थांबायच्या जागी रस्त्याच्या कडेला एक वीट ठेवा, आणि जिथे ब्रेक सुरू करायचा तिथे दुसरी. अंतर पावलांनी मोजा, मोठ्या माणसाचं पाऊल साधारण पाऊण मीटर भरतं.

आरामात, मागे बसलेल्याला कळणार नाही असं थांबायचं तर नुसत्या ब्रेकला २० च्या वेगावरून सुमारे ६ मीटर लागतात, ३० वरून १४ आणि ४० वरून २५. याच आकड्यांनी सुरुवात करा. प्रत्येक वेगाला दहा वेळा तरी. २० वर सलग पाच वेळा पुढचं चाक विटेजवळ थांबेपर्यंत ३० वर जाऊ नका.

मग जोराचा ब्रेक. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर दोन्ही ब्रेक बऱ्यापैकी जोराने पण टप्प्याटप्प्याने लावले तर ३० वरून सुमारे ७ मीटरमध्ये थांबता येतं. ६० वरून मात्र २८ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. त्यात धोका दिसल्यापासून बोटं हलेपर्यंतचा एक सेकंद मिळवा. त्या सेकंदात ३० वर गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते आणि ६० वर जवळजवळ १७. म्हणजे ३० वर एकूण १५ मीटर आणि ६० वर ४५. हे अंतर लेआउटमध्ये पावलांनी चालून बघा. मी भाचीला पहिल्या विटेपासून साठ पावलं चालायला लावली. तेवढं चालून झाल्यावर ती मागे वळून बराच वेळ त्या विटेकडे बघत होती. वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांशेजारून ६० ने जाताना पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं हे मला तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

जोराचा ब्रेक आठवड्यातून एकदा तरी घोटा, ३० च्या वर न जाता. अडचणीच्या वेळी हात फक्त सवयीचंच करतो. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा म्हणजे अंगाचा भार मनगटांवर येत नाही.

एबीएस, सीबीएस

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) आणि १२५ व त्याखालच्यांना किमान सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा) बंधनकारक झालं. तुमच्या गाडीत काय आहे ते ओळखून ठेवा. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्यामुळे गाडी सावरते, पण चाक जाम होऊ नये याची हमी त्यात नाही. एबीएस चाक जाम व्हायला लागलं की क्षणभर दाब सोडतं आणि पुन्हा धरतं, सेकंदात कितीतरी वेळा. तेव्हा लिव्हर बोटांखाली थरथरतो. नवखा माणूस घाबरून तो सोडून देतो. सोडायचा नाही, धरून ठेवायचा. पुष्कळ गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक जाम होऊ शकतंच. आणि चुरीवर किंवा वळणात झुकलेल्या गाडीला एबीएस जादूने वाचवत नाही.

मागचं चाक घसरायला लागलं आणि गाडी अजून सरळ रेषेत असेल तर पेडल थोडं सैल करा, नजर समोर ठेवा. हा प्रकार मुद्दाम करून बघू नका.

मग शहर

लेआउटमधून थेट सीताबर्डीच्या, म्हणजे बर्डीच्या, गर्दीत जाऊ नका. आमचा क्रम असा होता. आधी रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्स: रुंद रस्ते, झाडं, गाड्या कमी, सिग्नलवर शांतपणे सराव करता येतो. नंतर सेमिनरी हिल्स, कारण सपाट नागपुरात चढ-उतार तिथेच मिळतो. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहा, क्लच दाबून घरंगळू नका, आणि ब्रेक नेहमीपेक्षा आधी सुरू करा. चढावर थांबलात तर गाडी मागच्या ब्रेकवर धरा, उजवा पाय पेडलवर, डावा खाली. निघताना रेस थोडी वाढवून क्लच सोडत आणा, गाडी ओढ घेतेय असं वाटलं की मग पेडल सोडा. त्यानंतर अंबाझरीकडचे रस्ते, मग शंकरनगर-धरमपेठ, आणि सगळ्यात शेवटी बर्डी आणि इतवारी. रिंग रोड ट्रकांमुळे आम्ही दीड महिना टाळला.

शहरात ब्रेक बोटांआधी डोळ्यांनी लागतो. ई-रिक्षाच्या मागे असाल तर कडेला हात करणारा प्रवासी शोधा. तो दिसला की रिक्षा तिथेच थांबणार, बहुधा न सांगता. मेट्रोच्या खांबांमागून यू-टर्न घेणारी गाडी शेवटपर्यंत दिसत नाही, तिथे रेस सोडून दोन बोटं लिव्हरवर ठेवा. सिग्नलवर सेकंद दिसत असतील तर हिरव्याचे शेवटचे तीन-चार उरलेत म्हणून वेग वाढवू नका. रेस सोडा, ब्रेकचा लाल दिवा लवकर लागू द्या, मागच्याला तेवढा वेळ मिळतो. उन्हाळ्यात पुष्कळ लोक सिग्नलच्या रेषेपर्यंत येतच नाहीत, वीस-तीस फूट आधी झाडाच्या सावलीत थांबतात. पुढचा असा अचानक थांबू शकतो हे मे महिन्यात धरूनच चाला.

पावसाळ्यात पहिल्या सरी सगळ्यात वाईट, कारण रस्त्यावरचं महिन्यांचं तेल आणि धूळ तेव्हा चिकट थर होऊन वर येते. झेब्रा क्रॉसिंगचे रंगाचे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं आणि झाडाखालची ओली पानं यांच्यावर ब्रेक लावू नका, त्यांच्या आधी लावा. ओल्या रस्त्यावर विटेचं अंतर दुप्पट धरा आणि दाब निम्म्या वेगाने वाढवा. साचलेल्या पाण्यातून गेलात तर बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक लावून तो सुकवा. ड्रम ब्रेक ओला झाला की नीट धरत नाही.

मागे माणूस

मागे कुणाला बसवायची घाई करू नका, लायसन्स पक्कं होऊन महिनाभर एकट्याने चालवल्यानंतर बघा. वजन वाढलं की गाडी थांबायला जास्त जागा मागते आणि मागच्या चाकाला जरा जास्त ब्रेक सोसतो. बसणाऱ्याला आधीच सांगा: हेल्मेट घालायचं, ब्रेक लागला की माझ्या पाठीवर रेलायचं नाही, गाडी पूर्ण थांबून मी सांगेपर्यंत पाय खाली टाकायचा नाही.

थांबणं किती सफाईदार आहे हे मागच्याचं हेल्मेट सांगतं. ब्रेकला गचका बसला की ते तुमच्या हेल्मेटवर टकरतं. भाचीने पहिल्यांदा माझ्या बहिणीला, म्हणजे तिच्या आईला, मागे बसवलं तेव्हा मी स्कूटरवर मागेच होतो आणि मोजत होतो. बेशापासून धंतोलीपर्यंत ती नऊदा थांबली. दोनदा हेल्मेटला हेल्मेट टकरलं. दोन्ही वेळा पुढच्या ब्रेकचा शेवट सोडायचा राहून गेला होता. घरी पोचल्यावर मी काही म्हणायच्या आतच तिने ते स्वतःहून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला विटा घेऊन पुन्हा लेआउटमध्ये गेली.